पाण्यातल्या लोखंडाची राखण

आमचे शालेय शिक्षण दहावीपाशी संपले. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. म्हणून या व्याख्यानमालेसाठी इतिहासाचा एखादा विषय घ्या, असे संयोजकांनी सुचवले तेव्हा आम्ही जरा घोटाळलो. राजेरजवाड्यांचा आणि तहांचा इतिहास सांगणारे विद्वान आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या पंक्तीत बसण्याची आमची योग्यता नाही. पण ज्या गोष्टीशी आमचा जन्मभर संबंध आला तिलाही इतिहास आहे, आणि तो क्वचितच सांगितला जातो. ती गोष्ट म्हणजे गंज. पाण्यात असलेले लोखंड गंजू नये म्हणून माणसाने काय काय केले, आणि ते करताना कोणाची राखण झाली व कोणाची राहून गेली, एवढेच आज सांगायचे आहे.

आमचे गाव दातिवरे. सफाळे स्टेशनात उतरून पश्चिमेची वाट धरली की वैतरणेच्या मुखाशी, उत्तर तीरावर हे गाव लागते. पाण्यापलीकडे अर्नाळ्याचा किल्ला दिसतो. खाऱ्या वाऱ्याच्या या गावात लोखंडाचे आयुष्य थोडे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. खिडकीचे गज, दाराच्या बिजागऱ्या, होडीचे खिळे, नांगराची साखळी, सगळ्यांवर तांबूस पापुद्रे चढतात आणि हाताला लागून गळून पडतात. नायलॉनची जाळी येण्यापूर्वी सुताची जाळी झाडांच्या सालीच्या तुरट काढ्यात उकळून रंगवीत असत. त्या काढ्यात एखादा खिळा पडला तर तो काळाठिक्कर होऊन निघे. हिरडा आणि हिराकस यांपासून आपल्या पणजोबांनी चोपड्या लिहिण्याची जी शाई केली, तिच्यातला काळेपणा याच जातीचा. तुरट द्रव्य आणि लोखंड यांचे ते काळे संयुग होय. लोखंडाच्या अंगावर त्याचा पातळ थर बसला की गंजाचा वेग काहीसा मंदावतो. आज गंजावर लावण्याची काही औषधे याच तुरट द्रव्यापासून करतात. पाण्यात काहीतरी मिसळले तर पाण्याचा लोखंडावरचा राग कमी होतो, या एका वाक्यात आजच्या विषयाचे बीज आहे.

या विषयाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वळले तेही होड्यांच्याच निमित्ताने, मात्र त्या होड्या लढाऊ होत्या. १७६१ साली इंग्रजांच्या आरमाराने ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड पोखरणारे किडे आणि तळाला चिकटणारे शंख-शेवाळ टाळावे हा हेतू. दोन वर्षांनी जहाज तपासले, तर पत्रे शाबूत होते आणि ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे पुष्कळ ठिकाणी खाऊन गेले होते. जिथे खिळा आणि पत्रा यांच्यामध्ये तपकिरी कागद राहून गेला होता, तिथले खिळे मात्र चांगले होते. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना भिडले की त्यांतला एक दुसऱ्याचे मरण आपल्यावर ओढवून घेतो, हा धडा त्या कागदाने शिकवला.

१८२४ साली सर हंफ्री डेव्ही यांनी हाच धडा उलटा फिरवला. तांबे पाण्यात झिजते ना? मग त्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडा, म्हणजे तो तुकडा झिजेल आणि तांबे वाचेल. प्रयोग यशस्वी झाला, तांबे वाचले. पण लवकरच जहाजांचे तळ शंख-शेवाळाने भरून गेले आणि त्यांची गती खुंटली. तांबे थोडे थोडे विरघळत होते म्हणूनच त्या विषाने शेवाळ दूर राहत होते. झीज थांबली तसे विषही थांबले. श्रोतेहो, ही गोष्ट ध्यानात असू द्या. एका ठिकाणची झीज थांबवली की तिची किंमत दुसरीकडे कोठे भरावी लागते, हे आधी पाहावे. डेव्हीसारख्या थोर माणसालाही ते आधी दिसले नाही.

डेव्हीच्या हाताखाली तयार झालेला मायकेल फॅरडे हा आम्हांला विशेष जवळचा. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार. बांधायला आलेली पुस्तके वाचून तो शिकला. १८३६ साली बाझेलच्या शोनबाइन या अध्यापकाने त्याला एक चमत्कार कळवला. सौम्य नत्राम्लात लोखंड फसफसून विरघळते. पण तेच लोखंड तीव्र नत्राम्लात बुडवून काढले की सौम्य अम्लातही ते निवांत पडून राहते. फॅरडेने तर्क केला की लोखंडाच्या पृष्ठावर डोळ्यांना न दिसणारे काही आवरण चढत असले पाहिजे. ते आवरण लोखंडापासून सोलून वेगळे काढून दाखवण्यास १९२७ साल उजाडले. ते काम केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी केले. नव्वद वर्षे एक तर्क टिकून राहिला आणि शेवटी खरा ठरला.

दरम्यान लोखंड गंजते कसे, याचाही उलगडा झाला. १९०३ साली अमेरिकेतील व्हिटनी यांनी दाखवले की गंजणे हा विजेचाच एक व्यवहार आहे. ओल्या लोखंडाच्या एका जागी लोखंड पाण्यात उतरते. तिला धनाग्र म्हणतात. दुसऱ्या जागी त्या व्यवहारातली वीज पाण्यातला प्राणवायू घेतो, किंवा पाणी अम्ल असेल तर तिथे हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, ते ऋणाग्र. दोन्हींकडचा जमाखर्च नेहमी जुळतो. जेवढी वीज एका बाजूने खर्ची पडते तेवढेच लोखंड दुसऱ्या बाजूने जाते. स्वच्छ पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून पाहा. कडेला हवा भरपूर, तिथे पत्रा शाबूत राहतो. मध्यभागी हवा पोचत नाही, तिथेच तो खाल्ला जातो. म्हणजे नुकसान जिथे होते तिथेच त्याचे कारण असते असे नाही. कामगार चळवळीत आम्ही हे निराळ्या शब्दांत शिकलो होतो. इव्हान्स यांनी ते एका थेंबात दाखवले.

आता आमच्या कारखान्यांकडे येऊ. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि पुढे बोईसरजवळ तारापूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली. किनाऱ्यावरच्या आणि जंगलपट्टीतल्या गावांतली पोरे तिथे कामाला जाऊ लागली. आम्हीही गेलो. एका तारेच्या कारखान्यात पिकलिंग खात्यात आमची उमेदवारी झाली. लोखंडी सळीच्या गुंडाळ्या, ज्यांना तिथे कॉइल म्हणतात, त्या ऊन गंधकाम्लाच्या टाकीत बुडवायच्या, वरची काळी खपली उतरली की धुवायच्या, चुन्यात घोळवायच्या आणि तार ओढायला पाठवायच्या. अम्लाला खपली खाऊ द्यायची पण खालचे लोखंड खाऊ द्यायचे नाही, ही त्या कामातली मेख. त्यासाठी टाकीत थोडेसे औषध घालतात. कामगार त्याला इन्हिबिटर म्हणतात. आपण निरोधक म्हणू.

आमच्या खात्यातले वृद्ध मिस्त्री मुंबईच्या एका जुन्या कारखान्यातून आलेले होते. ते आम्हांला म्हणाले, “पोरा, आमच्या वेळी हे डबे कुठले? टाकीत मळी ओतायचो. ॲसिडला आधी गोड खाऊ घालावं, मग ते लोखंडाला चावत नाही.” आम्हांला ती थापच वाटली. पुढे वाचनालयात एका पुस्तकात आढळले की १८७२ साली इटलीत मारांगोनी आणि स्तेफानेल्ली यांनी सरस आणि कोंडा यांचा अर्क अम्लात घालून लोखंडाची झीज कमी केली होती, आणि १८९५ साली बाल्डविन नावाच्या गृहस्थाने साखरेची मळी व वनस्पतींची तेले यांच्या उपयोगाचे इंग्लंडात पेटंट घेतले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही मिस्त्रींच्या पाया पडलो. त्यांनी कारण विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. अशा द्रव्यांचे कण उघड्या लोखंडाला चिकटून बसतात आणि अम्लाला जागा देत नाहीत, असे शास्त्र सांगते.

पण निरोधकाचा आणखी एक गुण आहे, आणि तो आमच्या छातीशी संबंधित आहे. लोखंड कमी खाल्ले गेले की हायड्रोजनचे बुडबुडे कमी निघतात. टाकीतून बुडबुडे वर येऊन फुटतात तेव्हा अम्लाचे तुषार हवेत उडतात आणि तेच कामगाराच्या नाकातोंडात जातात. एके वर्षी खरेदी खात्याने काटकसर म्हणून निरोधकाचे डबे मागवणे बंद केले. काही आठवड्यांत खात्यात धुके दाटू लागले. माणसे खोकू लागली, दात आंबले, अंगावरच्या कपड्यांना भोके पडली. साहेबांनी सांगितले की तोंडाला फडके बांधा. तेव्हा आम्ही नुकतेच युनियनच्या कामात पडलो होतो. आम्ही एक दोन रकानी वही केली. पहिल्या रकान्यात प्रत्येक कॉइलचे टाकीत जाण्यापूर्वीचे आणि नंतरचे वजन. दुसऱ्या रकान्यात त्या पाळीत कोण कोण खोकत होते त्यांची नावे. महिन्याने वही साहेबांच्या टेबलावर ठेवली. पहिल्या रकान्याची बेरीज पाहून ते गंभीर झाले. जादा खाल्ल्या गेलेल्या लोखंडाची आणि अम्लाची किंमत डब्यांच्या किमतीपेक्षा पुष्कळ अधिक होत होती. आठवड्याभरात डबे परत आले, धुके विरळ झाले, आणि फाटकावर आमचा जयजयकार झाला.

त्या रात्री मात्र आम्हांला झोप आली नाही. दुसरा रकाना कोणी वाचलाच नव्हता. आम्ही जिंकलो ते लोखंड महाग होते म्हणून. छातीला भाव नव्हताच. या खेपेला लोखंडाचे हित आणि माणसाचे हित एकाच पारड्यात पडले, हा योगायोग होता. ते दोन पारड्यांत पडले असते तर? या प्रश्नाचे उत्तर आम्हांला काही वर्षांनी मिळाले.

ते समजण्यासाठी पुन्हा थोडे मागे जायला हवे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील शेतकऱ्यांची तक्रार होती की कुंपणाची नवी पोलादी तार जुन्या लोखंडी तारेपेक्षा लवकर गंजते. तिथल्या शेतकी खात्यातील कशमन यांनी या तक्रारीचा अभ्यास केला आणि पुढे १९०७ च्या सुमारास दाखवले की पाण्यात क्रोमेट नावाचा क्षार थोडा जरी असला तरी लोखंड गंजत नाही. क्रोमेट धनाग्राच्या जागा बुजवून टाकते आणि फॅरडेच्या तर्कातले ते अदृश्य आवरण लोखंडावर बसवते. कारखान्यातून तेच ते पाणी फिरवून थंड करणाऱ्या मनोऱ्यांत, म्हणजे कूलिंग टॉवरमध्ये, हे पिवळे औषध जगभर वापरात आले. स्वस्त, खात्रीचे, थोडक्यात काम भागवणारे! लोखंडाच्या दृष्टीने याहून चांगला राखणदार सापडणे कठीण होते.

माणसाच्या दृष्टीने मात्र ते विष होते. क्रोमेटने कातडीला खोल, लवकर न भरणारे व्रण पडतात, नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडते, आणि ते श्वासावाटे जात राहिले तर फुप्फुसाचा कर्करोग होतो. हे काही उशिरा कळले असेही नाही. आपल्या देशाच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने क्रोमव्रण हा सरकारला कळवण्याच्या रोगांच्या यादीत घातला होता. कॅलिफोर्नियातील हिंक्ली या गावाजवळ एका वायू कंपनीने १९५२ ते १९६६ या काळात कूलिंग टॉवरचे क्रोमेटयुक्त पाणी उघड्या खड्ड्यांत सोडले. ते विहिरींत उतरले. १९९६ साली कंपनीला गावकऱ्यांना ३३ कोटी ३० लक्ष डॉलर द्यावे लागले. त्यापूर्वीच, १९९० साली, इमारतींच्या वातानुकूलनाच्या मनोऱ्यांत क्रोमेट वापरण्यास अमेरिकेत बंदी झाली होती.

आम्ही ज्या दुसऱ्या कारखान्यात संघटनेचे काम पाहत होतो, तिथे हे पिवळे औषध एक कंत्राटी मुलगा उघड्या हातांनी टाकीत घालीत असे. त्याच्या बोटांवरचे व्रण आम्ही पाहिले आणि औषध बदलण्याची मागणी केली. या खेपेला वजनकाट्याचा उपयोग नव्हता. नळ तर उत्तम राहत होते! बदलाला खर्च होता आणि लोखंडाच्या रकान्यात नफा शून्य. तेव्हा व्यवस्थापनाने मधला मार्ग काढला. पाण्याचा पिवळेपणा कमी दिसावा म्हणून औषध निम्मे केले, आणि हातमोजे दिले. पण ते कायम कामगारांना.

श्रोतेहो, हा मधला मार्ग काय असतो, ते रसायनशास्त्र फार स्पष्ट सांगते. धनाग्र बुजवणारे निरोधक पुरेसे घातले तर सर्व पृष्ठभाग झाकला जातो. अपुरे घातले तर बहुतेक झाकला जातो आणि काही टिंबे उघडी राहतात. पण जमाखर्च जुळलाच पाहिजे. पसरलेल्या ऋणाग्राची सारी मागणी मग त्या थोड्या टिंबांवर येऊन पडते. औषध नसते तर नळ सगळीकडून सारखा, सावकाश झिजला असता; अर्धवट औषधाने तो त्या टिंबांतून आरपार भोकसला जातो. म्हणूनच इव्हान्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी या निरोधकांना धोक्याचे म्हटले. काही महिन्यांनी त्या कारखान्याच्या नळांना बारीक भोके पडू लागली. पाणी उत्पादनाच्या यंत्रांवर सांडले, तेव्हा कोठे क्रोमेट जाऊन फॉस्फेट आणि जस्त यांचे मिश्रण आले.

नळाला भोके पडली, तशीच ती माणसांच्या फळीलाही पडली होती; आणि त्यांत आमचाही दोष होता. हातमोजे कायम कामगारांना मिळाले, तेव्हा आम्ही ते मान्य करून सही केली. शंभरातल्या ऐंशींचे संरक्षण झाले, बाकीच्यांचे पुढे पाहू, असे आम्ही म्हणालो. पण धोका वीस टक्क्यांवर आला नाही. तो सगळाच्या सगळा त्या वीस जणांवर गेला. जे काम कायम माणसाने नाकारले ते कंत्राटी पोरांच्या उघड्या हातांत आले. तो मुलगा औषध बदलण्यापूर्वीच काम सोडून गेला. कोठे गेला ते आम्ही पुष्कळ शोधले. पत्ता लागला नाही. त्याचे नाव कोणत्याच वहीच्या कोणत्याच रकान्यात नव्हते. अर्धवट राखण ही राखण नव्हे. ती नुकसान एका जागी गोळा करण्याची रीत आहे, हे आम्ही नळाकडून शिकलो. फक्त एक सही उशिरा शिकलो.

मग उपाय नाही काय? आहे. १९५३ साली तामिळनाडूतील कारैकुडी येथे विद्युत्-रसायनाची राष्ट्रीय संशोधन संस्था सुरू झाली. लोखंडाच्या गंजावर तिथे दीर्घकाळ काम झाले आहे. जगभर फॉस्फेट, सिलिकेट, मॉलिब्डेट अशी कमी विषारी द्रव्ये पुढे आली. बॉयलरच्या पाण्यात औषध ओतण्याआधी त्यातला प्राणवायूच काढून टाकण्याची पद्धत तर जुनीच आहे. आमच्या शेजारी तारापूरला १९६९ सालापासून अणुवीज निर्माण होऊ लागली. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांत जे पाणी उकळते ते अतिशय शुद्ध ठेवणे हीच मुख्य राखण; आणि २००५ व २००६ साली सुरू झालेल्या पुढच्या दोन अणुभट्ट्यांतले जड पाणी लिथियमच्या अल्काने किंचित क्षारधर्मी ठेवतात. उलट, वाफ थंड करायला समुद्राचे जे अफाट पाणी एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने परत जाते, त्यात असले औषध घालून भागत नाही. ते पुरायचे नाही, आणि घातले तरी समुद्रातच जायचे. तिथे धातूच विचाराने निवडावा लागतो. काय वाचवायचे, कोणत्या पाण्यात, आणि ते पाणी पुढे कोठे जाते, हे तीन प्रश्न एकत्र विचारले की मार्ग निघतो. पहिला एकटाच विचारला की डेव्हीची जहाजे होतात.

पाणी पुढे कोठे जाते, हा प्रश्न आमच्या किनाऱ्याने विचारलाही आहे. तारापूरच्या सांडपाण्याबद्दल २०१६ साली अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. मासेमारांनी रसायनांचा हिशेब मागितला, हे आमच्या मते या जिल्ह्याच्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान आहे. १९८४ च्या भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायदा दुरुस्त झाला आणि आपण कोणते द्रव्य हाताळतो, त्याचा धोका काय, हे विचारण्याचा कामगाराचा हक्क कायद्यात आला. हक्क कागदावर आला म्हणजे टाकीपर्यंत पोचला असे नव्हे. तो तिथपर्यंत नेणे हे संघटनेचे काम.

आता आम्ही जिथे जातो तिथे दोन रकान्यांची वही पुन्हा सुरू करायला सांगतो, आणि एक नियम घालून देतो. दुसरा रकाना आधी वाचायचा. त्यात कायम, बदली, कंत्राटी असा भेद करायचा नाही. टाकीजवळ जो उभा राहिला त्याचे नाव लिहायचे. लोखंडाचा रकाना आपोआप वाचला जातो, त्याला वाचक मिळतात. दुसऱ्या रकान्याला वाचक मिळवावे लागतात. आज आपण इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलेत, त्या अर्थी त्याला थोडे वाचक मिळाले, असे समजून आम्ही आपली रजा घेतो.